चिंतेवरची गोळी : घरबसल्या काय मिळते, काय मिळत नाही

व्यापारी घराण्याला चिंता नवी नाही. माल भरून ठेवावा आणि भाव उतरावा, उधारी थकावी, कॅश क्रेडिटचे नूतनीकरण तोंडावर यावे, मुलीचे लग्न आणि जागेचे हप्ते एकाच वर्षी यावेत, हे सारे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. गुजरीतील सराफ असोत, लक्ष्मीपुरीतील धान्याचे व्यापारी असोत वा शाहूपुरीतील गुळाचे अडते असोत, चिंता ही जणू भांडवलाबरोबरच वारशाने आलेली असते. म्हणूनच की काय, चिंता ही आजाराचे रूप घेऊ शकते हे मान्य करण्यास आपली घरे फार उशीर लावतात.

नेहमीची काळजी आणि चिंतारोग यांत फरक आहे. काळजीचे कारण दूर झाले की काळजी ओसरते. चिंतारोगात कारण संपले तरी मन शांत होत नाही. छातीत धडधड होते, हातांना घाम सुटतो, पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. काहींना अचानक असा झटका येतो की हृदयविकारच झाला असे वाटून घरचे त्यांना रुग्णालयात नेतात. तेथे हृदयाचा आलेख व्यवस्थित निघतो, डॉक्टर धीर देतात आणि मंडळी घरी परततात. पण आठ दिवसांनी पुन्हा तेच घडते.

अशा वेळी बहुतेक घरांत जो मार्ग निघतो तो आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणा नातेवाइकास पूर्वी दिलेली गोळी आठवते. दुकानातील मुलाला जुनी चिठ्ठी देऊन ओळखीच्या मेडिकलमध्ये पाठवले जाते. रात्री अर्धी गोळी घेतली की झोप लागते, म्हणून दुसऱ्या दिवशीही ती घेतली जाते. अलीकडे आणखी एक मार्ग दिसू लागला आहे. मोबाइलवर डॉक्टरांशी दोन मिनिटे बोलावे, चिठ्ठी पडद्यावर यावी आणि औषध घरपोच यावे, अशी अपेक्षा. दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचे कोणी भेटेल ही भीती ज्यांना वाटते, त्यांना ही सोय वरदान वाटते. ती काही अंशी वरदान आहेच. मात्र या सोयीची हद्द कोठवर आहे, हे समजून घेतल्याशिवाय तिचा लाभ घेऊ नये.

कायदा काय सांगतो

२५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत डॉक्टरने दूरध्वनी, व्हिडिओ अथवा संदेशाद्वारे रुग्णास सल्ला देण्याला त्यामुळे स्पष्ट चौकट मिळाली. भारतात नोंदणी असलेला डॉक्टर देशातील कोणत्याही भागातील रुग्णास असा सल्ला देऊ शकतो. म्हणजे कोल्हापुरात बसून पुण्याच्या वा बेंगळुरूच्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलणे पूर्णपणे कायदेशीर आहे.

या तत्त्वांनी औषधांचे वर्ग पाडले आहेत. साध्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांचा वर्ग ‘ओ’. पहिल्याच भेटीत, पण रुग्णास व्हिडिओवर पाहूनच लिहिता येतील अशा औषधांचा वर्ग ‘ए’. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णास त्याच आजारासाठी पुढच्या सल्ल्यात जोडून देता येतील अशा औषधांचा वर्ग ‘बी’. प्रत्यक्ष भेटीनंतर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत घेतलेला सल्ला हा पुढचा सल्ला समजला जातो. या तीन वर्गांपलीकडे एक प्रतिबंधित यादी आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘एक्स’मधील औषधे आणि गुंगीकारक औषधीद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ यात नमूद केलेली द्रव्ये टेलिमेडिसिनद्वारे लिहून देता येत नाहीत.

आपला विषय नेमका येथे येतो. चिंतेवर आणि निद्रानाशावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम या गोळ्या बेंझोडायझेपाइन गटातील आहेत आणि १९८५ च्या अधिनियमाच्या सूचीत त्यांची नावे आहेत. अपस्माराच्या रुग्णांची अडचण लक्षात घेऊन पुढे मोजक्या औषधांना सवलत देण्यात आली व तीत क्लोनाझेपामचा समावेश झाला. तीही व्हिडिओवर रुग्णास पाहण्याच्या अटीवर. अल्प्राझोलामसारख्या गोळीस अशी सूट नाही. डॉक्टर ओळखीचे असोत, त्यांनी पूर्वी प्रत्यक्ष तपासलेले असो, पडद्यावरून ते ही चिठ्ठी देऊ शकत नाहीत. त्यांनी नकार दिला तर तो उद्धटपणा नव्हे. ते आपली सनद आणि आपले आरोग्य दोन्ही जपत असतात.

मग घरबसल्या काय मिळते? पुष्कळ काही मिळते. चिंतारोगाच्या दीर्घ उपचारात आज पहिली पसंती ज्या औषधांना दिली जाते ती एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी औषधे आहेत. ती प्रतिबंधित यादीत नाहीत. त्यांची सवय जडत नाही. मात्र ती मनाने एकदम बंद करू नयेत आणि त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. व्हिडिओवर रुग्णाशी नीट बोलून मनोविकारतज्ज्ञ त्यांचा विचार करू शकतात. विचारांची व वर्तनाची घडी बदलणारी मानसोपचाराची बैठकही व्हिडिओवर होऊ शकते. याच्या उलट अल्प्राझोलाम अर्ध्या-पाऊण तासात आराम देते, म्हणून तीच खरे औषध आणि बाकी सारी नावापुरती, असा समज पसरला आहे. लवकर शांतवणे आणि आजार बरा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बंधन का आहे

या गोळ्या मुळात वाईट नाहीत. योग्य रुग्णास, योग्य मात्रेत, थोड्या काळासाठी त्या फार उपयोगी पडतात. अडचण पुढे येते. काही आठवड्यांच्या नियमित सेवनानंतर शरीर त्यांना सरावते. तेवढ्याच मात्रेत पूर्वीइतका गुण येत नाही आणि अर्ध्याची एक, एकाच्या दोन होतात. एकाएकी थांबवल्यास थरथर, घाबरेपणा, झोप उडणे आणि काही वेळा आकडीही येऊ शकते. वृद्धांत तोल जाऊन पडण्याचा, हाड मोडण्याचा आणि विसराळूपणाचा धोका वाढतो. मद्य किंवा अफूवर्गीय वेदनाशामकांबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जीवावर बेतू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये या संपूर्ण गटाच्या वेष्टनावरील सर्वांत ठळक इशाऱ्यात व्यसन, अवलंबित्व आणि औषध थांबवताना होणारे परिणाम यांचा समावेश करावयास लावला, तो याच कारणाने.

अमेरिकेचेच आणखी एक उदाहरण बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियातील रायन हेट हा अठरा वर्षांचा मुलगा २००१ साली मरण पावला. त्याने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या इंटरनेटवरून, कोणत्याही डॉक्टरने समोर बसवून तपासल्याविना मिळाल्या होत्या. २००८ साली त्याच्या नावाने कायदा झाला आणि नियंत्रित औषधे इंटरनेटद्वारे देण्याआधी किमान एकदा प्रत्यक्ष तपासणी बंधनकारक ठरली. कोविडकाळात तेथे ही अट शिथिल झाली आणि सवलतीची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. याच काळात ऑनलाइन चिठ्ठ्या देणाऱ्या काही कंपन्यांच्या कारभाराची चौकशी झाली व गुन्हेही दाखल झाले. सोय आणि सावधगिरी यांचा तोल साधणे श्रीमंत देशांनाही सोपे गेलेले नाही.

चिठ्ठीचे नियम

आपल्या समाजातील कित्येक घरे किरकोळ व घाऊक औषधविक्रीच्या व्यवसायात आहेत. त्यामुळे हा भाग रुग्ण आणि विक्रेता दोघांनाही लागू पडतो.

१ मार्च २०१४ पासून अनुसूची ‘एच-१’ अमलात आली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही औषधे तीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. विक्रेत्याने डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि दिलेली संख्या स्वतंत्र वहीत नोंदवायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चोपडीपूजन केले आणि एका आण्याचाही हिशेब सोडला नाही, त्याला या नोंदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

डॉक्टरने चिठ्ठीवर पुन्हा देण्याविषयी काही लिहिले नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच देता येते. किती वेळा व किती अंतराने द्यावे हे लिहिले असेल, तर तेवढेच. वर्षभरापूर्वीची घडी पडलेली चिठ्ठी दाखवून दर महिन्यास पट्टी मागणे हे म्हणूनच नियमाबाहेरचे आहे. विक्रेता ‘नाही’ म्हणाला तर त्याचा राग धरू नये. ओळखीखातर ‘हो’ म्हणणारा आपले भले करीत नसतो.

स्वतःच्या उपचारासाठी किती गोळ्या जवळ बाळगाव्यात यालाही मर्यादा आहे. १९८५ च्या नियमांनुसार व्यक्तीस स्वतःच्या वैद्यकीय वापरासाठी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाच्या एका वेळी १०० मात्रा बाळगता येतात. दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसे स्पष्ट लिहिले असेल तर ३०० पर्यंत. घाऊक दरात स्वस्त पडते म्हणून डबाच घेऊन ठेवण्याची व्यापारी सवय येथे महागात पडू शकते.

इंटरनेटवरील औषधविक्रीबाबत २०१८ साली केंद्राने नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या मसुद्यातही मनोव्यापारांवर परिणाम करणारी औषधे व ट्रँक्विलायझर ऑनलाइन विकण्यास मनाई होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन औषधविक्री रोखण्याचा अंतरिम आदेश दिला. तेव्हा ‘चिठ्ठीची गरज नाही’ असे सांगून अल्प्राझोलाम घरपोच देऊ पाहणारा कोणीही कायद्याच्या बाहेर उभा आहे, हे निश्चित समजावे. अशा पट्टीत नेमके काय भरले आहे याची हमीही कोणी देत नाही.

कोल्हापूरकरांसाठी मार्ग

पहिली भेट प्रत्यक्ष घ्यावी. शहरात खासगी मनोविकारतज्ज्ञ आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, मनोविकार विभाग आहे. पहिल्या भेटीत थायरॉइड, रक्तक्षय, हृदयाचे ठोके, मधुमेहाच्या औषधांचा परिणाम अशा शारीरिक कारणांचाही विचार होतो. पडद्यावर नाडी पाहता येत नाही आणि हाताची थरथर नीट दिसत नाही.

त्यानंतरचा बराचसा प्रवास व्हिडिओवर होऊ शकतो. गुण किती आला, झोप कशी आहे, मात्रा बदलावी का, हे बोलण्यासाठी दर वेळी दुकान बंद करून जाण्याची आवश्यकता नाही. अल्प्राझोलामसारखी गोळी चालू असेल तर तिच्यासाठी मात्र ठरलेल्या अंतराने प्रत्यक्ष जावे आणि चिठ्ठीवर कालावधी स्पष्ट लिहून घ्यावा. ती कमी करीत बंद करण्याची योजना डॉक्टरांकडूनच आखून घ्यावी. मनाने एका रात्रीत सोडू नये.

व्हिडिओवरील सल्ल्यात काही गोष्टी पाहून घ्याव्यात. डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असला पाहिजे. रुग्णाने आपले खरे नाव व वय सांगितले पाहिजे. सुनेच्या आजारासाठी सासऱ्यांनी, किंवा पतीच्या आजारासाठी पत्नीने परस्पर फोन करून औषध मागू नये. सज्ञान रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर त्यानेच बोलावे. संगणकीय यंत्रणेने स्वतःहून औषध सुचवणे वा लिहून देणे या तत्त्वांनुसार चालत नाही. निर्णय नोंदणीकृत डॉक्टरचाच असला पाहिजे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी नुसते बोलावेसे वाटले तर ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. समुपदेशक प्रथम ऐकून घेतो आणि आवश्यकता असल्यास तज्ज्ञाकडे जोडून देतो. जीव नकोसा झाल्याची भाषा घरात कोणी करीत असेल, तर मात्र व्हिडिओच्या वेळेची वाट न पाहता त्या व्यक्तीस एकटे न सोडता थेट रुग्णालयात न्यावे.

खर्चाविषयीही एक गोष्ट ठाऊक असावी. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांच्या धर्तीवर मानसिक आजारांनाही विमासंरक्षण दिले पाहिजे. त्याच अधिनियमाने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आपल्या आजाराची वार्ता डॉक्टरांकडून बाहेर जाईल, ही भीती म्हणूनच मनातून काढून टाकावी.

पावसाळ्याचे भान तर कोल्हापूरकरांनी विशेष ठेवावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरातील सखल भागांत शिरले, महामार्ग बंद पडला आणि अनेकांना दिवसेंदिवस घराबाहेर पडता आले नाही. रक्तदाबाची गोळी आपण अशा वेळी आठवणीने जवळ ठेवतो. मनाची गोळीही तशीच, डॉक्टरांच्या चिठ्ठीने, पंधरा दिवस पुरेल इतकी ठेवावी. पुरात अडकून ती अचानक बंद पडणे हे गोळी नसण्यापेक्षाही त्रासाचे ठरू शकते.

व्रते, उपवास आणि औषध

आपल्या घरांत हा प्रश्न दरवर्षी येतो, पण डॉक्टरांपुढे क्वचितच मांडला जातो. चौविहार पाळणाऱ्याने रात्री झोपतानाची गोळी कशी घ्यावी? पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या भगिनीने आठ दिवस काय करावे? दशलक्षण पर्वात एकभुक्त राहणाऱ्याने दिवसातून तीन वेळा घ्यावयाच्या औषधाचे काय करावे? अनेकजण काहीही न बोलता औषध थांबवतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अस्वस्थता, थरथर आणि निद्रानाश सुरू होतो. घरचे त्याला उपवासाचा अशक्तपणा समजतात. प्रत्यक्षात ते औषध एकाएकी तुटल्याचे लक्षण असू शकते, आणि ते धोक्याचे आहे.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. व्रताचा संकल्प करण्याआधी, निदान महिनाभर अगोदर, डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. काही औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येते. काहींची मात्रा दिवसातून एकदाच घेण्याजोगी बदलता येते. काही रुग्णांना मात्र या वर्षी दीर्घ उपवास नको, असेच डॉक्टर सांगतील. अशा वेळी आपल्या गुरुजनांपुढे प्रकृतीची खरी स्थिती ठेवावी. शक्तीनुसार तप हा विचार आपल्या परंपरेला परका नाही. वेष्टनातील जिलेटिनविषयी शंका असेल तर कॅप्सूलऐवजी गोळीच्या रूपात तेच औषध मिळते का, हे औषधविक्रेत्यास विचारावे. सामायिक, स्वाध्याय, ध्यान यांनी मनाला स्थैर्य येते यात शंका नाही. ते उपचाराच्या जोडीने चालावे, उपचाराच्या जागी नव्हे.

परदेशी असलेल्या मुलांसाठी

शिक्षणास वा नोकरीस गेलेला मुलगा तेथील डॉक्टर महाग म्हणून इकडून गोळ्या मागवतो आणि आई लोणच्याच्या डब्यासोबत पट्ट्या पाठवते, असे प्रसंग घडतात. अमेरिकेत अल्प्राझोलाम हे नियंत्रित द्रव्य आहे आणि परदेशातून ते टपालाने मागवणे बेकायदा आहे. दुबईस व्यापारानिमित्त जाणाऱ्यांनी तर अधिक जपावे. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे सोबत नेण्यासाठी तेथील शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. चिठ्ठी, मूळ वेष्टन आणि परवानगी यांशिवाय खिशातील एक पट्टीही चौकशीचे कारण होऊ शकते. मुलांना तेथील महाविद्यालयाच्या आरोग्यकेंद्रात जावयास सांगणे, हेच आईवडिलांनी देण्याजोगे खरे साहाय्य होय.

या सर्व नियमांचा मथितार्थ एवढाच की, चिंतारोगात आपल्याला गोळीपेक्षा डॉक्टर मिळवायचा असतो. गोळी हा त्या नात्याचा केवळ एक भाग आहे. पडदा ते नाते टिकवण्यास फार उपयोगी पडतो, पण ते जुळण्यासाठी एकदा समोर बसावे लागते. घरातील कोणी महिनोन्‌महिने झोपत नसेल, गल्ल्यावर बसून उगाच दचकत असेल, तर त्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगण्याऐवजी त्याच्याबरोबर दवाखान्याची पायरी चढावी. सोबतीस घरचे माणूस असले की त्या पायरीचा संकोच पुष्कळच कमी होतो.